तुर्की मालिकांवरील लेखातून सुटलेले नाव

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील तुर्की मालिकांवरचा लेख वाचला. २०१५ मध्ये ‘फेरिहा’ हिंदीत आली, पाठोपाठ ‘फातमागुल’ आली आणि आपल्याकडे या मालिकांना प्रेक्षक मिळाला, इथपर्यंत ठीक. पण लेखात तुर्की मालिकांचा इतिहास २००० नंतरच सुरू होतो आणि दिग्दर्शक हालित रेफी यांचा उल्लेखही नाही. ‘अश्क-इ मेमनू’बद्दल अर्धे पान लिहून रेफींना वगळणे म्हणजे इमारतीचे कौतुक करताना पाया कुणी घातला हेच न सांगणे.

२००८ ते २०१० या काळात गाजलेली ‘अश्क-इ मेमनू’ हे त्याच नावाच्या कादंबरीचे दुसरे दूरचित्रवाणी रूप. पहिले रेफींनी १९७५ मध्ये तुर्की सरकारी वाहिनी टीआरटीसाठी केले. हालित झिया उशाक्लिगिल यांची ही कादंबरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली. रेफींनी ती सहा भागांत बसवली. नव्या मालिकेने ७९ भाग घेतले. नायिका बिहतेरच्या भूमिकेत तेव्हा म्युझदे आर होत्या, त्यांचीही ओळख याच मालिकेने घट्ट झाली. त्याआधी १९७४ मध्ये ‘कायनानालार’ ही विनोदी मालिका सुरू झाली होती, पण गंभीर साहित्यकृती सिनेमाच्या शिस्तीने दूरचित्रवाणीवर आणण्याची वाट पाडली ती या कामाने. त्याचे काही श्रेय टीआरटीचे तेव्हाचे महासंचालक इस्माइल जेम यांनाही द्यावे लागेल. रेफी, मेतिन एर्कसान आणि ल्युत्फी आकाद या सिनेमावाल्यांना त्यांनीच बोलावून घेतले.

सिनेमावाले का, हे समजायला येशिलचामची, म्हणजे इस्तंबूलच्या व्यावसायिक सिनेमाची, कामाची रीत माहीत हवी. १९७२ च्या सुमारास तिथे वर्षाला जवळपास ३०० चित्रपट निघत. कच्ची फिल्म महाग, त्यामुळे एक-दोन टेकमध्ये दृश्य उरकायचे. कॅमेऱ्यामागून सांगणारा संवाद बोलून दाखवी, नट ओठ हलवी आणि आवाज नंतर स्टुडिओत चढे. याचा तोटा उघड आहे. सांगणाऱ्याच्या आवाजाकडे कान लागला की नटाची नजर एक क्षण समोरच्या पात्रावरून सुटते आणि ते पडद्यावर दिसते. फायदाही तितकाच खरा: दृश्य डोक्यात पक्के झाल्याशिवाय कॅमेरा चालू करायचा नाही, ही सवय हाडीमांशी मुरते. फिल्म किती जपावी लागे, याचा हिशेबच मांडतो. १६ मिमीचे ४०० फुटांचे रीळ सेकंदाला २५ चौकटींनी १० मिनिटे ४० सेकंद चालते. ५० मिनिटांच्या भागासाठी तिप्पट चित्रीकरण धरले तरी जवळपास १४ रिळे लागतात. आजचे तुर्की भाग आठवड्याला दोन तासांहून लांब असतात. मग संगीत लावून पात्रे एकमेकांकडे मिनिटभर पाहत बसतात, त्यात नवल ते काय! परदेशी विकताना त्याच भागाचे पाऊण तासाचे दोन-तीन तुकडे होतात. म्हणूनच हिंदीत पाहताना भाग कुठेही अर्धवट तुटल्यासारखा वाटतो. तो दोष डबिंगचा नव्हे.

रेफी १९३४ चे, इझमिरचे. रॉबर्ट कॉलेजात अभियांत्रिकी शिकले आणि राखीव अधिकारी म्हणून कोरियात असताना ८ मिमीवर छोटे चित्रपट करू लागले. जपान आणि सिलोनमध्येही त्यांनी चित्रीकरण केले. त्या काळचे ८ मिमी रीळ २५ फुटांचे असे. एका फेरीत त्याच्या अर्ध्याच रुंदीवर चित्र उमटे; ती कड संपली की सावलीत काढून उलटे बसवायचे. दोन्ही मिळून सेकंदाला १६ चौकटींनी जेमतेम चार मिनिटे हाती येत. कोणती कड झाली याचा हिशेब चुकला की एकावर एक दोन दृश्ये उमटलीच. पुढे समीक्षा, मग दिग्दर्शक आतिफ यिल्माझ यांच्याकडे सहायक, आणि १९६१ पासून स्वतःचे चित्रपट. ‘गुर्बेत कुशलारी’ला १९६४ मध्ये अंताल्याच्या पहिल्याच महोत्सवात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला.

लेखात यायलाच हवी होती ती मात्र ‘योरगुन सावाश्चे’ (थकलेला योद्धा). केमाल ताहिर यांच्या कादंबरीवरून टीआरटीसाठीच केलेली ही मालिका १९१९ च्या आसपासच्या राष्ट्रीय लढ्याची. १९८० च्या लष्करी उठावानंतर तिच्यावर आक्षेप आला की अनियमित फौजेचे सेनानी चेरकेझ एथेम यांना मोठे केले आणि मुस्तफा केमाल (अतातुर्क) यांना झाकोळले. १९८३ मध्ये ती जाळण्यात आली. प्रदर्शनावर बंदी एक वेळ समजते. इथे फिल्मच नष्ट केली. हा अपघात नव्हता, हेही नोंदवतो. जुनी नायट्रेट फिल्म भडकते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या आगीत जे गेले ते नायट्रेट होते. पण १९५० च्या दशकापासून सर्रास वापरात असलेली ॲसिटेट फिल्म सहजासहजी पेट घेत नाही, ती जाळावी लागते. मागे राहिलेल्या प्रतीवरून ही मालिका अखेर १९९३ मध्ये टीआरटीने दाखवली. निगेटिव्ह गेले की नवी स्वच्छ प्रिंट काढता येत नाही. उरलेल्या प्रतीवरचे ओरखडे, उडालेला करडेपणा, बुजलेल्या सावल्या पुढच्या प्रत्येक प्रतीत जशाच्या तशा उतरतात.

शिक्षक म्हणून रेफींचे काम इस्तंबूलच्या सिनेमा-टीव्ही संस्थेत झाले. सामी शेकेरोग्लू यांनी चित्रपट संग्रहातूनच ही शाळा उभी केली, त्यामुळे वर्ग आणि फिल्मचे डबे एकाच छपराखाली. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवताना रेफींनी विद्यार्थ्यांनाच हाताशी घेऊन ‘द इंटरसेसर्स’ हा चित्रपट केला. ओहायोतील डेनिसन विद्यापीठातही ते शिकवत होते. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले.

लेखासोबतच्या कालपटात १९७५ आणि १९९३ या दोन नोंदी घालाव्यात आणि २००८ च्या ‘अश्क-इ मेमनू’पुढे ‘मूळ मालिका’ असे जे छापले आहे, ते दुरुस्त करावे, ही विनंती.

आपला,
चित्रपट-जतनाच्या कामातील एक वाचक, पुणे