शुक्रवारचा बेत

प्रिय आई-बाबा,

तुमच्या जूनमधल्या लंडनच्या मुक्कामातला एक शुक्रवार माझ्यासाठी राखून ठेवा. त्या दिवशी मला आणि मैत्रिणींना लेक्चर नसतं, त्याही बरोबर येतील. शनिवार-रविवारी कॅम्डेन भागात पाय ठेवायला जागा नसते आणि दुरुस्तीसाठी ट्यूबच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, लाइनी बहुधा तेव्हाच बंद ठेवतात. ब्रिटिश म्युझियमही एरवी ५ वाजता बंद होतं, शुक्रवारी मात्र रात्री ८.३० पर्यंत उघडं असतं. म्हणजे धावपळ नाही.

सकाळी ९.३० नंतर निघू, त्याआधी ट्यूबचं भाडं जास्त पडतं. नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरायचं. कॅम्डेन टाऊनला या लाइनीचे दोन फाटे होतात. हाय बार्नेटच्या गाडीत बसलं तर माणूस केंटिश टाऊनला पोचतो, म्हणून गाडीवर ‘एजवेअर’ आहे ना ते बघायचं. चॉक फार्मला लिफ्ट आहे, तेव्हा बाबांच्या गुडघ्यांना त्रास कमी.

स्टेशनाबाहेर रेल्वेवरचा पादचारी पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड लागतो. तिथलं १० नंबरचं घर बाबासाहेबांचं. १९२१-२२ मध्ये ते इथे राहत होते, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं. बाहेरच्या भिंतीवर गोल निळी पाटी आहे. ती वाचून लगेच पुढे जायचं नाही, जरा थांबायचं. इथून ब्रिटिश म्युझियम सुमारे ४ किलोमीटर. तिथल्या वाचनालयात बाबासाहेब अभ्यासाला बसत. आपला दिवसही त्याच दिशेने जाणार आहे, म्हणून मला हा बेत इतका प्रिय आहे.

घराजवळच प्रिमरोझ हिल ही टेकडी. चढ थोडाच आहे, वर बाकं आहेत आणि सगळं लंडन समोर दिसतं. डबा तिथेच खाऊ. आई, तू थेपले कर, ते गार झाले तरी चालतात. वर वारा झोंबतो, जून असला तरी स्वेटर हवाच. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

मग कालव्याकाठच्या वाटेने कॅम्डेन, आणि तिथून २४ नंबरची बस. बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत, बँकेचं कार्ड यंत्रावर टेकवायचं. भाडं २०२५ मध्ये १.७५ पाउंड होतं, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे पैसे पडत नाहीत. बसमध्ये फक्त चढताना कार्ड टेकवायचं, ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडतानाही. बाहेर पडताना राहिलं तर जास्तीत जास्त भाडं कापतात.

म्युझियममध्ये मधल्या चौकात ते गोल वाचनालय अजून उभं आहे. ते पाहून झालं की आंध्र प्रदेशातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाच्या शिळा, दालन ३३ अ. त्यातली एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. आधी कोरलेल्या बाजूला बोधिवृक्ष आणि रिकामं आसन आहे, बुद्धाची मूर्ती नाही. नंतर तीच शिळा उलटवून मागच्या बाजूला अख्खा स्तूप कोरला. दोन्ही बाजू बघाच, मला ती शिळा फार आवडते. बाकी दालनं पाय दुखेपर्यंत. प्रवेश फुकट आहे, पण वेळ आधी आरक्षित केलेली बरी, ते मी करते.

बाबा, एक काम तुमच्याकडे. तुम्हा दोघांना दोन वेगळी कार्डं लागतील, एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. दिवसभर तेच कार्ड वापरायचं. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असं केलं तर दोन वेगळे प्रवासी धरले जातात आणि दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा जास्त भाडं न कापण्याची सवलत हातची जाते. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशातले व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं आधी बँकेच्या ॲपमधून चालू करावं लागतं. दोन्ही कार्डांवर ते करून झालं की मला कळवा, म्हणजे मी शुक्रवार नक्की करते.

तुमची,
लेक