न्यायसहायक विज्ञानाची पदवी मुद्देमालाच्या हाताळणीवर ठरावी

संपादक महोदय,

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आणि त्या कामाचे चित्रीकरण करणे बंधनकारक होणार असून, या तयारीसाठी राज्यांना जास्तीत जास्त पाच वर्षे दिली आहेत. एवढी माणसे कुठून येणार, या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठांनी आपल्या परीने दिलेच आहे. गांधीनगरला २००८ मध्ये राज्य विद्यापीठ म्हणून सुरू झालेली संस्था २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झाली आणि फोंड्यात तिचे गोवा संकुल आले. आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय संस्था आहेत, शिवाय खासगी महाविद्यालयांतही हे अभ्यासक्रम निघाले आहेत. प्रवेशाच्या हंगामात त्यांच्या माहितीपत्रकांत चकचकीत यंत्रांची छायाचित्रे असतात. त्या यंत्राला विद्यार्थ्याचा हात किती वेळा लागतो, हे मात्र पालकही विचारत नाहीत आणि संस्थाही सांगत नाहीत.

सरकारी प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला माणूस म्हणून मला वाटते की, खटला यंत्रापाशी क्वचितच पडतो. तो पडतो तो त्याच्या कितीतरी आधी, पुडकी बांधताना. रक्ताने भिजलेला शर्ट सावलीत वाळवून कागदात बांधायचा असतो; तो ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला की दमट हवेत बुरशी धरते, जंतू वाढतात आणि डीएनए तुटत जातो. अशी पुडकी मी पाहिली आहेत. वरचे लाखेचे सील अभंग, सोबत पाठवलेल्या सीलच्या ठशाशी जुळणारे, आणि आत काळपट, कुबट वासाचे फडके. त्यावर जगातले कोणतेही यंत्र लावले तरी उपयोग नसतो. व्हिसेऱ्याचेही, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेल्या अवयवांचेही, तसेच. तो सर्वसाधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवावा, मद्याचा संशय असताना स्पिरिटमध्ये ठेवू नये, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पण बरणी हातात घेऊन, द्रावण स्वतः तयार करून, चिठ्ठी लिहून सही केलेले विद्यार्थी किती असतील?

न्यायालये याकडे काय नजरेने पाहतात तेही ध्यानात घ्यावे. ठाणे जिल्ह्यातील एका बालिकेवरील अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये फाशीची शिक्षा रद्द करून आरोपीला निर्दोष सोडले. डीएनए अहवाल असूनही नमुने प्रयोगशाळेत पाठवायला झालेला विलंब आणि त्या काळातील ताब्याचा न लागणारा हिशेब, या गोष्टी त्या निकालात अभियोग पक्षाला भोवल्या. पुढे जुलै २०२५ मध्ये याच न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले की, डीएनए नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा आणि तो कोणाच्या ताब्यात केव्हा होता याची नोंदवही ठेवून ती खटल्याच्या कागदपत्रांना जोडावी. ही नोंदवही कशी भरायची, हे पदवीच्या तीन वर्षांत एकदा तरी करून पाहायला नको का?

माझी सूचना अशी की, प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एका सत्रात एकच बनावट प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवायला लावावे. एखादी रिकामी खोली घटनास्थळ म्हणून मांडावी. तिच्यात बोकडाचे रक्त असावे, तशीच रक्तासारखी दिसणारी पानाची वाळलेली पिंकही असावी. विद्यार्थ्याने रेखाटन करावे, छायाचित्रे घ्यावीत, पंचनाम्याला मदत करावी, वस्तू बांधून सील करावी, ती मुद्देमाल कारकुनाची भूमिका करणाऱ्या सहाध्यायाकडे पोच घेऊन सोपवावी, दुसऱ्याच गटाने ती उघडून तपासावी, आणि अखेरीस ज्याने अहवालावर सही केली त्याला एखाद्या फौजदारी वकिलासमोर उलटतपासणीला उभे करावे. आपल्या अहवालातील प्रत्येक शब्दाचे समर्थन करावे लागते हे एकदा भर वर्गात कळले, की लिहिण्याची सवय बदलते. गुणांपैकी मोठा वाटा याच कामाला असावा.

प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकांची आजची पद्धतही बदलायला हवी. रक्ताच्या प्राथमिक चाचणीचे उदाहरण घेऊ. डाग टिपलेल्या फिल्टर पेपरवर आधी अल्कोहोल, मग रंगहीन केलेले फिनॉल्फ्थॅलिन आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला की काही सेकंदांत गुलाबी रंग येतो. वर्गात सर्वांना रक्ताचाच डाग देतात, सर्वांचा कागद गुलाबी होतो, सर्वांच्या जर्नलमध्ये एकच ओळ उतरते. त्याऐवजी कोणाला मुळ्याचा रस द्यावा, कोणाला तांब्याचा क्षार. मुळ्यातील पेरॉक्सिडेज या विकरामुळेही रंग येऊ शकतो. तांब्याच्या क्षाराने तो पेरॉक्साइड टाकण्याआधीच उमटू शकतो. आणि कागद तसाच ठेवला तर हवेनेही काही वेळाने गुलाबी होतो. थेंबांचा क्रम का पाळायचा, घड्याळ का पाहायचे, ज्ञात रक्ताचा आणि कोऱ्या कागदाचा नमुना सोबत का लावायचा, हे फसल्याशिवाय कोणाच्या अंगी मुरत नाही. ‘रक्त आढळले’ आणि ‘रक्त असण्याची शक्यता दर्शविणारी चाचणी सकारात्मक आली’ या दोन वाक्यांत एखाद्याच्या जन्मठेपेचे अंतर असू शकते.

डिजिटल पुराव्यालाही हेच लागू आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ओळख-आकडा, द्यावे लागते. पेनड्राइव्हची प्रत राइट ब्लॉकर (मूळ साधनावर काहीही लिहिले जाऊ न देणारे उपकरण) लावून आणि न लावता काढायला सांगितली, आणि एखादी फाइल नुसती उघडून जतन केल्यावर तो आकडा कसा पार बदलतो हे दाखवले, तर तासभराचे व्याख्यान वाचेल.

खऱ्या प्रकरणांचा मुद्देमाल विद्यार्थ्यांच्या हाती देता येणार नाही, हे उघड आहे आणि ते योग्यच आहे. पण विभागीय प्रयोगशाळांना नमुने स्वीकारण्याच्या खिडकीवर, निरीक्षक म्हणून का होईना, विद्यार्थ्यांना काही आठवडे बसवता येईल. सदोष पुडकी का परत जातात, तपास अंमलदार काय सबबी सांगतात, ‘सी.ए. रिपोर्ट’साठी (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालासाठी) न्यायालयांची स्मरणपत्रे कशी साचतात, हे तिथे एका दिवसात दिसते. या प्रयोगशाळांचे संचालनालय आणि विद्यापीठे यांच्यात तसा लेखी करार व्हावा. वर सुचवलेल्या प्रात्यक्षिकांना लागणारे सामान म्हणजे कागदी पाकिटे, लाख, मीठ, बरण्या आणि एक रिकामी खोली. तेव्हा निधी नाही ही सबब इथे चालणार नाही. अडचण शिकवणाऱ्यांची आहे, कारण स्वतः कधी मुद्देमाल न उघडलेले आणि साक्षीला न गेलेले अध्यापक या विषयाला नेमले जातात. निवृत्त विश्लेषक, अंगुलीमुद्रा तज्ज्ञ आणि अनुभवी तपास अधिकारी यांना पीएच.डी.ची अट न लावता अभ्यागत अध्यापक म्हणून तासिका देता येतील काय, याचा निर्णय विद्यापीठांच्या विद्या परिषदांनी येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी घ्यावा.

आपला,
एक निवृत्त सहायक रासायनिक विश्लेषक, पुणे