डफवाल्याचे नाव कुठे?

लोकरॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमच्या यशावरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. गिटारसोबत खडी गंमत या लोकनाट्याचा डफ ऐकून आनंदच झाला. आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, तो घुमतो, तोही आधी जाळावर शेकून, कातडे ताणून घेतल्यावर. खटकले ते श्रेयनामावलीत. गिटारवादकाचे नाव ठळक, डफवाल्याच्या जागी नुसते ‘पारंपरिक’! चाल पारंपरिक असेलही. स्टुडिओत ती वाजवणारा माणूस तर आजचा आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपले नाव लावून घेण्याचा आणि व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क दिला आहे. तिसऱ्या अल्बमची वाट न पाहता बँडने निदान ऑनलाइन नामावली तरी दुरुस्त करावी.

– एक वाचक, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)