तलाव कुठला, हे ठरवताना

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

नोव्हेंबरअखेर सगळ्यांनी मिळून कुठल्या पाण्याकाठी तंबू लावायचे आणि गरीने मासे धरायचे, हा विषय फोनवर निघाला की आपण चौघं एकदम बोलतो, बाबांना निम्मं ऐकू येत नाही, आणि शेवटी आई "तुमचं काय ते ठरवा, माझा भात करपतोय" म्हणून फोन ठेवते. दादा त्यानंतर मला वेगळा फोन करून म्हणतो, तूच काय ते बघ. म्हणून बघितलं आणि लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि तुमच्या तिलारी धरणाचा विचार पहिल्यांदा केला नाही म्हणून कागद बाजूला ठेवू नका.

दादाचं कोळकेवाडी आधी संपवते. त्याचा मुद्दा एकच, ठाण्याहून चिपळूण जवळ. पण ते पाणी काही स्वस्थ बसलेलं पाणी नाही. पोफळीला कोयनेची वीज तयार झाली की तिथून सुटलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात येतं आणि धरणाच्या पायथ्याला त्यातूनच पुन्हा वीज काढतात. म्हणजे विजेची मागणी वाढली-उतरली की पाण्याची पातळीही दिवसाकाठी वरखाली होणार. काठावर सतरंजी टाकून, चूल मांडून बसायची ही जागा नव्हे. शिवाय वीज प्रकल्पाचा परिसर, पहारा असणार, तंबू लावायला कोण देईल? आणि दादाला जे जवळ, ते तुम्हा दोघांना कणकवलीहून तेवढंच लांब. दादाला हे सांगितलं. तो "हं" म्हणाला. त्याचं "हं" म्हणजे पटलं, हे तुम्हाला माहीतच आहे.

आता तिलारी.

बाबा, तुमच्या मनात ते किती आहे ते मला कळतं. "तिलारेक गरवूक जाऊया" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. पाणी मोठं, रान दाट, सह्याद्रीची भिंत समोर. जागा सुंदर आहे यात वादच नाही. पण आपल्यात आता ओम आणि रेवा आहेत, आईचे गुडघे आहेत आणि तुमचं इन्सुलिन आहे. त्या रानाचं काय काय ऐकते ते एकदा नीट लिहून काढलं, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की बाय उगाच घाबरते.

एक तर हत्ती. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गात उतरले ते तिथल्या लोकांच्या केळी-माडांच्या बागांना चटावले. तुम्हीच पेपरात वाचून दाखवायचात. रात्री हत्ती आला तर बागवाला फटाके वाजवतो, डबे बडवतो. आपण नायलॉनच्या तंबूत काय बडवणार? दुसरं म्हणजे त्या रानाचा मोठा भाग 2020 मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. वनखात्याला न विचारता तिथे तंबू ठोकून शेकोटी पेटवणं आपल्याला शोभणार नाही. मगरी त्या पाण्यात आहेत, हे तर तुम्ही स्वतःच सांगता आणि वर म्हणता, "ती आपल्याक काय करता?" तुम्हाला काही करणार नाही कदाचित. ओम सात वर्षांचा आहे आणि पाणी दिसलं की त्याचे पाय आपोआप त्यात जातात.

पण हे सगळं एकीकडे ठेवलं तरी मला खरी भीती वाटते ती माकडतापाची. हा आजार पहिल्यांदा सापडला 1957 साली, शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या रानात. आपल्याकडे 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात त्याने माणसं आजारी पडली आणि मग बांद्यापर्यंत पसरला. रानातल्या गोचिडीतून येतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या खाली पाचोळ्यात उतरतात आणि पाचोळ्यात बसणारा, लाकूडफाटा गोळा करणारा, काजूच्या बागेत वाकणारा माणूस त्यांच्या तावडीत सापडतो. आपण नेमकं हेच करायला जाणार, पाचोळ्यात बसायला आणि लाकूड गोळा करायला. तुम्ही म्हणाल, त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, आपण नोव्हेंबरअखेर जातोय. बरोबर आहे. पण गोचीड काही कॅलेंडर बघून बाहेर पडत नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या मधुमेही माणसाला ताप भरून तिथून दवाखाना गाठायचा, हा हिशेब मला जमत नाही. तिलारीला आपण दिवसाचे जाऊ. मी, तुम्ही आणि समीर. धरण बघू, रस्त्याकडेला डबा खाऊ, संध्याकाळी परत. ते मी तुम्हाला देणं लागते.

लहान धरणांचाही विचार केला. पाटबंधाऱ्यांचे तलाव आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. पण त्यांचं एक असतं बघा, त्यातला मासा रानचा नसतो. असल्या तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. ते पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळाची बोटुकली सोडतात, वर्षभर सांभाळतात आणि मग जाळं लावतात. त्यात विचारल्याशिवाय गरी टाकणं म्हणजे कोणाच्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा काढण्यासारखंच. विचारलं, पैसे भरले तर देतातही. पण दिवाळीनंतर तलाव काठोकाठ असतात, मासा पांगलेला आणि खोल. बांधाकडची बाजू दगडी पिचिंगची आणि उताराची, त्यावर आई एक पाऊल टाकणार नाही. मासा खऱ्या अर्थाने मिळतो तो एप्रिल-मेमध्ये पाणी आटल्यावर, आणि तेव्हा आपणच उन्हाने आटलेले असतो. बाकी कातळावर तंबू लावायची दादाची जी कल्पना आहे, तिला तर मी हसलेच. जांभ्यात खुंटी जाते का कधी? वर फुरशांचं माहेर ते.

आता आईचं ऐका. आई, तू धामापूर म्हणालीस तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते देवदर्शनात जमा केलं आणि पुढे गेलो. पण नकाशा उघडून बसले तेव्हा मला दिसलं की तू सगळ्यात शहाणी आहेस. कुडाळहून नेरूरपारचा पूल ओलांडला की काळसे, आणि काळशाला लागूनच धामापूर. तलाव आणि खाडी दोन्ही हाताशी. आणि काळशाला मावशी.

तलाव 1530 चा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी दोन डोंगरांच्या मधे मातीचा बांध घालून तो बांधला, काठाला भगवतीचं देऊळ. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. जवळजवळ पाचशे वर्षं तो बांध धरून आहे आणि आपल्या वाडीतला बंधारा दर दोन पावसांनी फुटतो, हे जाता जाता. तू सांगायचीस ती दागिन्यांची गोष्ट मी रेवाला सांगितली: लग्नकार्य असलं की फुलांचे दागिने करून परडीतून तलावात सोडायचे, देवी त्याचे सोन्याचे करून द्यायची, कार्य झालं की परत करायचे, आणि मग कोणीतरी लबाडी केली. रेवाने विचारलं, "ते कोण होते, त्यांचं आडनाव काय?" तिला तिथे नेऊन तूच काय ते उत्तर दे.

मात्र धामापुरात गरी टाकायची नाही. बाबा, देवळाच्या पायऱ्यांवर बसून गांडूळ लावायला मला नको वाटतं, आणि आईच्या देखत तुम्हालाही नको वाटेल. तलाव सकाळसाठी. पायऱ्यांवर बसायचं, चहाचा थर्मास, पक्षी बघायचे, आईचं दर्शन. गरवायला खाडीवर.

मावशीच्या दिरांची माडाची बाग कर्लीच्या खाडीकाठाला आहे आणि तिथे होडी लावायला केलेला चिऱ्याचा धक्का आहे. मी समीरला पाठवून बघून घेतलं. धक्का रुंद आहे, त्यावर दोन खुर्च्या आरामात बसतात, म्हणजे बाबा खुर्चीत बसून गरवू शकतात. धक्क्यापासून घरातल्या संडासापर्यंतची वाट सपाट आहे. हो, मी ते आधी विचारलं. तलाव निवडताना लोक विचारतात तिथे मासा कुठला. आपल्या घरात रात्री तीनदा कोण उठतं हे आधी विचारायला हवं, आणि मला तेवढ्यावर बाकीच्या सगळ्या जागा खोडाव्याशा वाटल्या.

तंबू बागेत नाही, कारण डोक्यावर नारळ. खळ्यातही नाही, मावशीने आत्ताच सारवून घेतलंय, तिथे खुंटी मारली तर ती मला मारेल. भात कापून झालेल्या कुणग्यात लावायचे. जमीन मऊ आहे, खाली पेंढा घातला की गादी. तंबूत मी, समीर, दादा, वहिनी आणि मुलं. तुम्ही दोघं पडवीत, खाटेवर. आई, "घर असताना उघड्यावर कशाला" हे तू म्हणणारच होतीस, म्हणून ही सोय. बाबांना फारच वाटलं तर एक झोप तंबूत काढू दे, पण इन्सुलिन मावशीच्या फ्रिजमध्ये राहील. तंबूची चेन कायम बंद ठेवायची, कापलेल्या शेतात उंदीर येतात आणि उंदरांमागून घोणस येते. दव मात्र भरपूर पडेल, शाल आणा.

दिवस मी तुमच्या पद्धतीने काढला आहे, बाबा. तपासून बघा. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, ती भरतीची वेळ. वद्य सप्तमीला शनिवार येतोय. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. म्हणजे अकराच्या सुमाराला सुकती संपून पाणी चढायला लागेल आणि संध्याकाळी सव्वापाचला पूर्ण भरेल. काळशापर्यंत वर यायला आणखी थोडा वेळ. मासा चढत्या पाण्याबरोबर आत येतो, तेव्हा जेवून, वामकुक्षी करून तीनला धक्क्यावर बसलो तरी अंधार पडेपर्यंत मजेत गरवता येईल. सप्तमी-अष्टमी म्हणजे भांग, लहान भरती, पाण्याला उधाणासारखी ओढ नाही, मुलांची गरी वाहून जाणार नाही. उधाणाला मासा जास्त, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण पहिल्यांदा गरी धरणाऱ्या पोरांना भांगच बरा. चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवणार नाही, तेव्हा रात्री बॅटऱ्या लागतील.

आणि हे सगळं कार्तिक वद्यात बसतंय, आईचा मार्गशीर्ष लागायच्या आत. नाहीतर आम्ही मासे तळायचे आणि तिने वरणभात खायचा, असलं नको.

काय मिळेल? काळुंदर मिळावी अशी माझी इच्छा आहे, तांबोशी मिळाली तर दादा आठवडाभर फोटो पाठवत बसेल. बोय गरीला सहसा लागत नाही, ती पागाच्या जाळ्यातच. शिंगाळा लागला तर मुलांनी हात लावायचा नाही, त्याचा काटा बाबांनी फडक्यात धरून काढायचा. मुलांसाठी आणखी एक नियम: धक्क्यावरून पाय खाली सोडून बसायचं नाही. मगर कर्लीतही दिसते असं मावशीकडचे सांगतात. बाबा, तुम्ही त्यांच्यासमोर "काय करता ती" म्हणायचं नाही. एवढं एक ऐका.

समीरने रीळवाली काठी ऑनलाइन मागवली आहे. तिचं माहितीपत्रक तो रोज रात्री वाचतो. तुम्ही तुमची बांबूचीच आणा आणि दोन जास्तीच्या करून ठेवा, ओम आणि रेवासाठी, त्यांच्या खांद्याएवढ्या. गऱ्या बारीक नंबरच्या घ्या. गांडुळं तिथेच माडांच्या आळ्यात मिळतील, घरून डब्यात भरून आणू नका. मागे तो डबा फ्रिजमध्ये कोणी ठेवला होता, यावर आई अजून बोलते.

आई, तू फक्त आगळ आणि तुझा मसाला आण. उकडे तांदूळ, नारळ, कुळथाचं पीठ सगळं मावशीकडे आहे. मासा नाहीच मिळाला तर पिठी-भात आणि सुकटाची चटणी, त्यावरही कोणी रुसणार नाही, बाबा सोडून.

दादा शुक्रवारी रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरेल. आम्ही पुण्याहून गाडी घेऊन निघतो, शनिवारी सकाळी कणकवलीला येऊन तुम्हाला घेऊ. तुमच्या शनिवारच्या गोळ्या वेगळ्या पुडीत बांधून ठेवा. बाबांनी कानातलं यंत्र आणायचं, खिशात नव्हे, कानात. आणि मावशीला तूच फोन कर, आई. मी केला तर ती म्हणते, "तुझ्या आईक तोंड नाय काय?"

तुमची,
बाय