अडवायचे कोणाला, लोकलला की करवतीला?

मा. संपादक,
स. न.

हवामानबदलाच्या प्रश्नावर रस्त्यात बसणारे, चित्रावर सूप फेकणारे आणि झाडाला मिठी मारून पोलिसांच्या गाडीत जाणारे, या सगळ्यांना एकाच तागडीत तोलणारी पत्रे गेली काही वर्षे मराठी वृत्तपत्रांत येत आहेत. एक बाजू म्हणते, सामान्यांना वेठीला धरणाऱ्यांना चोप द्या. दुसरी म्हणते, शहर बुडायला निघाले असताना अर्ध्या तासाच्या खोळंब्याचे काय घेऊन बसलात. अडवले कोणाला, किती वेळ आणि त्यामुळे नेमके काय थांबले, हे दोन्हीकडच्या पत्रांत राहून जाते. लोकांचे मत मात्र बहुधा त्यावरच ठरते.

'सामान्यांना त्रास नको' हे तत्त्व महाराष्ट्राने कधीच सरसकट पाळलेले नाही. धरणे, घेराव, ठिय्या, जेलभरो, रास्ता रोको, चक्का जाम हे शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळे बांधकामावर जाऊन बसले. त्या लढ्यानेच पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' केले. त्या धरणाच्या पाण्यावर तयार होणारी वीज मुंबईला येणार होती, हे आजच्या मुंबईकराने आवर्जून लक्षात ठेवावे. काळबादेवीत १२ डिसेंबर १९३० रोजी गिरणी कामगार बाबू गेनू विदेशी कापड वाहणाऱ्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. त्याने वाहतूक अडवली हे खरेच. पण ट्रक विदेशी कापडाचा होता आणि सत्याग्रह विदेशी कापडाविरुद्ध होता. कृती आणि मागणी यांच्यात दोन पावलांचेही अंतर नव्हते, म्हणून कोणाला ती समजावून सांगावी लागली नाही.

मार्च २०१८ मध्ये मुंबईने आठ दिवसांच्या अंतराने दोन आंदोलने पाहिली. नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेला शेतकऱ्यांचा मोर्चा ११ मार्चला शीवच्या सोमय्या मैदानावर पोहोचला. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी निघाले असते तर पूर्व द्रुतगती मार्गापासून आझाद मैदानापर्यंतची वाहतूक ऐन पेपरच्या वेळी कोलमडली असती. दिवसभर चाललेल्या त्या माणसांनी रात्रीच पुन्हा चालायला सुरुवात केली आणि उजाडायच्या सुमारास आझाद मैदान गाठले. मुंबईकर पाणी, खाणे, चपला घेऊन रस्त्यावर आले. संध्याकाळपर्यंत सरकारने लेखी आश्वासन दिले. मग २० मार्चला रेल्वेतल्या नोकऱ्यांसाठी प्रशिक्षणार्थी उमेदवार माटुंगा-दादर दरम्यान सकाळी सातच्या सुमारास रुळांवर बसले आणि मध्य रेल्वे साडेतीन तासांच्या आसपास ठप्प झाली. दगडफेक झाली, लाठीमार झाला. त्यांचीही मागणी पोटाचीच होती आणि त्यांनाही आश्वासन मिळाले. तरी शहराच्या आठवणीत राहिली ती गैरसोय. ती मुले नेमके काय मागत होती, हे आज कोणाला विचारून पाहावे.

लोकल अडवणे आणि रस्ता अडवणे यांत मोठा फरक आहे, हे कृती आखणाऱ्या तरुणांनी नीट समजून घ्यायला हवे. गर्दीच्या वेळी एका मार्गावर तीन-चार मिनिटांनी गाडी असते. एक गाडी अर्धा तास थांबली की तिच्यामागे आठ-दहा गाड्या साचतात. बारा डब्यांच्या भरलेल्या गाडीत चार-पाच हजार माणसे धरली, तर एकाच मार्गावर चाळीस हजार प्रवासी अडकतात. पंधरा-वीस मिनिटांनी माणसे दोन स्थानकांच्या मधेच खाली उड्या मारू लागतात. रुळांवर माणसे आली की शेजारच्या मार्गांवरच्या गाड्याही थांबवाव्या लागतात किंवा अगदी हळू न्याव्या लागतात. म्हणजे धीम्या मार्गावरचा खोळंबा जलद मार्गालाही धरतो. त्यात कोणाची शस्त्रक्रिया असते, कोणाची रोजंदारी बुडते, कोणाची मुलाखत चुकते. अशा वेळी हवामानबदल हा शब्द ऐकून घ्यायला डब्यात कोणी शिल्लक नसते. शिवाय विजेवर चालणारी लोकल ही या शहरातली कमीत कमी प्रदूषणाची वाहतूक आहे. कर्बउत्सर्गाविरुद्धच्या लढ्यात तीच अडवायची, हे कोणाच्या गळी उतरणार?

लंडनमध्ये हे घडून गेले आहे. १७ ऑक्टोबर २०१९ रोजी कॅनिंग टाउन या पूर्व लंडनमधल्या कष्टकरी वस्तीच्या स्थानकावर एक्स्टिंक्शन रिबेलियन या हवामानबदलाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेचे दोन कार्यकर्ते सकाळच्या गर्दीत गाडीच्या टपावर चढले. प्रवाशांनी त्यांना खाली खेचले. त्या कृतीवर संघटनेच्या आतूनही कडाडून टीका झाली. २०२३ उजाडताना ब्रिटनमधल्या त्याच संघटनेने लोकांचा खोळंबा हे आपले मुख्य हत्यार तूर्त नसेल, असे जाहीर केले. ही नक्कल मुंबईत कोणी करू पाहत असेल तर एक गोष्ट जिवावरची आहे. लंडनच्या त्या गाड्यांना वीज रुळालगतून मिळते, आपल्या लोकलला डोक्यावरच्या तारेतून, २५,००० व्होल्टने. त्या तारेला हात लावावा लागत नाही. जवळ गेले तरी झोत अंगावर येतो. टपावर चढणे हा निषेध नाही, मरण आहे.

आता आरे. जाणकार म्हणवणारेही या प्रकरणाचा तपशील गाळून बोलतात. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी, म्हणजे गाड्यांच्या आगारासाठी, गोरेगावच्या आरे वसाहतीतली २,६४६ झाडे हटवण्याच्या प्रस्तावाला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ रोजी मंजुरी दिली. त्याआधी लोकांच्या हजारो हरकती आल्या होत्या. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. परवानगीनंतर पंधरा दिवस झाड तोडता येत नाही, या कायद्यातल्या तरतुदीवरून वाद झाला. मेट्रोचे म्हणणे, ती मुदत २८ सप्टेंबरलाच संपली. ते क्षणभर मान्य करू. तरी निकाल आणि अपील यांच्या मधले तास उरतातच. सर्वोच्च न्यायालयाला दसऱ्याची सुट्टी होती. त्या रात्री कुंपणाशी जमलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली, परिसरात जमावबंदी लागली. ७ ऑक्टोबरला विशेष खंडपीठाने विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन तोड थांबवली, तेव्हा २,१४१ झाडे पडलेली होती.

या प्रकरणात प्रत्यक्ष कृतीचे काम मत वळवणे हे नव्हतेच. न्यायालयाचे दार उघडेपर्यंत वेळ मिळवणे, एवढेच होते. झाड तोडल्यावर जिंकलेल्या अपिलाचा उपयोग सरपणाइतकाच. बँकेतले पैसे चुकून गेले तर परत करता येतात, चाळीस वर्षांचे झाड परत लावता येत नाही. ज्या हानीची भरपाई होत नाही आणि जी काही तासांत पूर्ण होणार आहे, तिच्यासमोर निःशस्त्र उभे राहणे मला कायदेभंगाच्या सगळ्या प्रकारांत सर्वाधिक समर्थनीय वाटते. त्यात कोणा प्रवाशाची गाडी चुकली नाही. थांबवायचे होते ते करवत चालवणाऱ्यांना.

चूकही झाली, आणि ती महाग पडली. 'मेट्रो हवी, कारशेड आरेत नको' ही मागणी असताना डोंबिवली-कल्याणच्या प्रवाशाने ऐकले ते 'यांना मेट्रो नको'. लोकलमध्ये लटकणाऱ्याला हे चीड आणणारे वाटले तर दोष त्याचा नाही. फलकावर पहिल्या ओळीत मेट्रोचे समर्थन, दुसऱ्या ओळीत पर्यायी जागेचे नाव आणि तिसऱ्या ओळीत झाड, असा क्रम असता तर निम्मा गैरसमज टळला असता. बहुतेक फलक झाडापासून सुरू झाले, आणि त्यांतले बरेच इंग्रजीत होते. पुढे कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, तो न्यायालयात अडकला, २०२२ मध्ये पुन्हा आरे ठरले. एप्रिल २०२३ मध्ये ८४ झाडांची मुभा असताना १७७ झाडांसाठी अर्ज केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो महामंडळाला दहा लाखांचा दंड केला, तरी तोडीला परवानगी दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो धावू लागली. आंदोलन हरले असे म्हणणाऱ्यांनी, आरेतली आठशेहून अधिक एकर जमीन त्या मधल्या काळात राखीव वन म्हणून जाहीर झाली, हेही हिशेबात धरावे.

लोकांचा राग म्हणजे मागणीला विरोध, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठाने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत ४६ टक्के लोक म्हणाले की असा खोळंबा करणाऱ्या कृतींमुळे हवामानविषयक प्रयत्नांना असलेला आपला पाठिंबा घटतो. १३ टक्के म्हणाले वाढतो, ४० टक्क्यांना फरक पडत नव्हता. पण 'तुमचे मत बदलेल का' असे विचारणे वेगळे आणि बदलले का ते मोजणे वेगळे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जस्ट स्टॉप ऑइल या ब्रिटनमधल्या जहाल हवामान संघटनेने लंडनभोवतीचा एम-२५ महामार्ग कमानींवर चढून वारंवार बंद पाडला. त्या आठवड्याच्या आधी आणि नंतर त्याच लोकांना प्रश्न विचारले गेले. ज्यांना त्या कृतींची जाणीव जास्त झाली, त्यांच्यात 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' या मवाळ संघटनेचा पाठिंबा थोडासा वाढलेला दिसला. जहालांमुळे मवाळ ऐकण्याजोगे वाटू लागतात, हे टिळक-गोखल्यांच्या महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. मात्र मवाळ बाजूला ऐकू येईल असा कोणी हजर असावा लागतो. मुंबईत हवामानाच्या प्रश्नावर तशी कायम, मराठीतून बोलणारी, वॉर्ड कार्यालयात दर महिन्याला जाणारी फळी फार विरळ आहे. ती नसताना केलेल्या रास्ता रोकोचा फायदा घेणार कोण?

किंमत मोजावी लागते तीही नीट माहीत हवी. लंडनमध्ये व्हॅन गॉगच्या 'सनफ्लॉवर्स' या चित्रावर १४ ऑक्टोबर २०२२ रोजी टोमॅटो सूप फेकणाऱ्या दोघींना, चित्र काचेमागे सुरक्षित राहूनही, चौकटीच्या नुकसानीसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षे आणि वीस महिने अशा शिक्षा झाल्या. तिथेच एम-२५ महामार्ग बंद पाडण्याचा कट केल्याबद्दल जुलै २०२४ मध्ये एकाला पाच आणि चौघांना चार वर्षे. अपिलात काही शिक्षा कमी झाल्या. आपल्याकडे वाट अडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजारांपर्यंत दंड आहे. रेल्वे अडवली तर रेल्वे कायद्याचे कलम १७४, दोन वर्षांपर्यंत कैद. झटापटीत 'सरकारी कामात अडथळा' म्हणजे कलम १३२ लागले तर पुढे पासपोर्ट आणि नोकरीच्या पोलीस पडताळणीत ते नाव निघते. आरेतल्या विद्यार्थ्यांवर जुन्या संहितेतले त्याचे भावंड, कलम ३५३, लागले होते; ते गुन्हे मागे घेण्यासाठी सरकार बदलावे लागले. एकोणीस वर्षांच्या मुलीला कुंपणाशी उभे करण्याआधी हे तिला मराठीत, कागदावर लिहून द्यायला हवे. वकिलाचा क्रमांक हातावर पेनाने लिहून देणे पुरेसे नाही.

जर्मनीत लेट्झ्टे गेनेराट्सिओन ('शेवटची पिढी') या हवामान संघटनेचे कार्यकर्ते रस्त्याला हात चिकटवत, पण रुग्णवाहिका आली तर मधल्या जागेतून वाट देता यावी म्हणून मधली माणसे चिकटवत नसत. आपल्याकडे डिंक नकोच. एप्रिल-मे महिन्यात दुपारचे डांबर हात भाजेल इतके तापते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सरकारी सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसे गेली, ती नुसती उन्हात बसून. म्हणून उन्हाळ्यात कृती सकाळी दहाच्या आत संपायला हवी. एक मार्गिका पूर्ण मोकळी, तिच्या दोन्ही टोकांना शिट्टी असलेला स्वयंसेवक, १०८ ची रुग्णवाहिका दिसताच उठण्याचा सराव आधी एकदा केलेला, आणि 'आम्ही वीस मिनिटांनी उठणार' असा मोठ्या अक्षरातला फलक. वेळ सांगितली की समोरचा रिक्षावाला इंजिन बंद करतो आणि निदान पत्रक हातात घेतो. वेळ न सांगता बसले की पाचव्या मिनिटाला शिव्या आणि दहाव्याला धक्काबुक्की होते. पत्रकावर मागणी एकच असावी आणि ती ज्याच्या सहीने पूर्ण होईल त्या पदाचे नाव असावे. 'पृथ्वी वाचवा' ही मागणी कोणत्याही टेबलावर मंजूर होत नाही.

परवानगीच्या मार्गाबद्दलही बोलायला हवे. मुंबईत आंदोलनाला जागा एकच, आझाद मैदान, तीही दिवसाच्या आणि माणसांच्या मर्यादेत. पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला बंदीचे आदेश शहरात वरचेवर निघत असतात. रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० च्या शाहीनबाग निकालात सांगितले. त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ आणि २१ खालचा हक्क मानला. हक्क मोठा झाला आणि तो मागायची जागा एका मैदानाएवढी राहिली. वर्सोव्यात तिवरे तुटणार असतील तर त्याचा निषेध आझाद मैदानात बसून कसा दिसणार? प्रत्येक परिमंडळात एक अधिसूचित जागा दिली तर निम्मे रास्ता रोको आपोआप कमी होतील.

शेवटी, संपादक महोदय, आपल्याकडेच एक मागणे. झाडे तोडण्याआधी वृक्ष प्राधिकरणाला वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते आणि झाडावरही लावावी लागते. हरकतीसाठी मिळतात मोजके दिवस. ही नोटीस आपल्याच वृत्तपत्रांत, निविदांच्या गर्दीत, बारीक टायपात छापून येते. ती बातमीच्या पानावर वॉर्डनिहाय, झाडांच्या संख्येसह आणि हरकतीच्या शेवटच्या तारखेसह चार ओळींत छापावी. करवतीसमोर उभे राहायची वेळ येण्याआधी लोकांना अर्ज करता येईल. आणि कोणी रस्ता अडवला तर बातमीत कोंडी किती किलोमीटर झाली याच्या जोडीला ते किती मिनिटे बसले, रुग्णवाहिकेला वाट दिली का, मागणी काय होती आणि ती कोणत्या अधिकाऱ्याच्या हातात आहे, हेही द्यावे.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई