आधी गाडीला काम दे

पाचोरा,
रविवार

प्रिय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा मिळाला. धुळ्याच्या घरातली माडीवरची खोली तुला मिळाली आणि वहिनींनी एक अख्खी भिंत मॉडेल रेल्वेच्या मांडणीसाठी, म्हणजे लेआउटसाठी सोडली, हे वाचून फार आनंद झाला. नकाशा मात्र दोन दिवस समोर ठेवून बसलोय. सहा बाय चारची प्लायची फळी, त्यावर लंबगोल रूळ, एका कोपऱ्यात कसाऱ्याचा घाट, दोन बोगदे, धबधबा. खाली तू विचारलंयस, ‘डोंगर किती उंच ठेवू?’

डोंगराचं नंतर बघू. आधी सांग, तुझी गाडी निघते कुठून, जाते कुठे आणि कशासाठी?

गोल रुळावर गाडी धावताना पहिल्या दिवशी सगळं घर जमा होतं. पण ती फिरून फिरून त्याच बोगद्यात शिरते आणि आपल्या हाताला काही काम उरत नाही. लहान लेआउटमध्ये हा धोका जास्त. मोठ्या दालनात गाडी निदान थोडा वेळ नजरेआड होते. सहा फुटांत तिला लपायलाही जागा नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की जागा जितकी कमी, तितका कामाचा विचार आधी करावा आणि देखावा त्या कामातून उगवू द्यावा.

जागेचा हिशोब एकदा मांडून बघ. आपलं मॉडेलचं माप एचओ, म्हणजे १:८७, खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. आपल्या मेन लाइनवरच्या एलएचबी या नव्या बनावटीच्या गाडीचा एक डबा साधारण साडेतेवीस मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये २७ सेंटिमीटर. चोवीस डबे लावलेस तर इंजिन सोडून साडेसहा मीटर झाले. भुसावळ जंक्शन तुझ्या माडीवर मावणार नाही, आणि पाच डब्यांची राजधानी मला तरी बघवणार नाही. शिवाय आपला ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळमार्ग, दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतराचा. एचओमध्ये तो १९.३ मिलिमीटर यायला हवा आणि बाजारातला रूळ मिळतो १६.५ मिलिमीटरचा. आयुष्यभर आपला ब्रॉडगेज बघितलेल्या डोळ्याला ती अरुंदी खुपते.

आता आपली पाचोरा–जामनेर ही छोटी गाडी घे. अडीच फुटी गेज, ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भाग. ८.७६ येतात. एन गेज या आणखी लहान मॉडेल-मापाचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो! पाव मिलिमीटरचासुद्धा फरक नाही. ऑस्ट्रियातल्या अरुंद रेल्वे ७६० मिलिमीटरच्या असल्यामुळे रोको, लिलिपुट या कंपन्यांनी एचओई नावाने याच मापाची इंजिनं आणि डबे काढलेत. चासी, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, त्यांची घ्यायची आणि वरचा साज आपण प्लास्टिकच्या पत्र्यातून चढवायचा. ही गाडी २०२० च्या लॉकडाऊनला थांबली ती पुन्हा सुटली नाही, आता तिथं ब्रॉडगेज टाकायचं ठरलंय. आप्पा, जी गाडी पुन्हा दिसणार नाही, तिचं काम तरी आपल्या फळीवर चालू राहावं असं मला मनापासून वाटतं.

सगळा मार्ग ५६ किलोमीटरचा. १:८७ ने तोही ६४० मीटरच्या वर जातो. तेव्हा एकच स्टेशन निवड, आणि ते शेवटचं निवड. जामनेरच्या धर्तीवरचं, पण नाव मनाचं दे, म्हणजे रुळांची मांडणी तुला सोयीने करता येईल. काळ १९६० च्या सुमाराचा धर. वाफेचं टँक इंजिन (पाणी-कोळसा स्वतःवरच वाहणारं), तीन डबे आणि मागे दोन-तीन मालाच्या वॅगन, अशी मिश्र गाडी. शेवटच्या स्टेशनावर गाडी आली की काम आपोआप निर्माण होतं. इंजिन सुटणार, लूपमधून, म्हणजे शेजारच्या समांतर रुळावरून, मागच्या टोकाला येणार, मालाच्या वॅगन वेगळ्या काढणार, भरलेल्या उचलणार. धुळ्याच्या स्टेशनावर चाळीसगावच्या पॅसेंजरचं इंजिन फिरवताना आपण किती वेळा उभे राहिलोय, तोच खेळ. लूपची लांबी मात्र तुझ्या सर्वांत लांब गाडीवरून ठरव. लूप एका डब्याने जरी कमी पडला, तरी पुढचं सगळं अडतं.

दुसरं टोक पडद्याआड. अमेरिकेतले मॉडेल रेल्वेवाले फ्रँक एलिसन म्हणायचे की लेआउट म्हणजे रंगमंच, गाड्या नट आणि वेळापत्रक हे कथानक. मला ते पूर्ण पटतं. तुझं पाचोरा विंगेत असू दे. साठ सेंटिमीटरची साधी फळी, तीवर तीन रूळ. तिथून गाडी येते, तिथेच परत जाते.

मालाच्या बाजूसाठी इंग्लंडच्या ॲलन राइटची इंगलनुक मांडणी वापर. फक्त दोन सांधे (गाडीचा रूळ बदलणारे) आणि तीन साइडिंग, म्हणजे बाजूचे रूळ. एकीत पाच वॅगन मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन, आणि शंटिंगच्या, म्हणजे वॅगन पुढेमागे हलवायच्या, रुळावर इंजिन अधिक तीन वॅगन. एकूण वॅगन आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि निघालेल्या क्रमानेच लांब साइडिंगवर जोडायच्या. क्रम किती होतात बघ, ६७२०! आपल्याकडे या क्रमाला अर्थही आहे. गाडी जामनेरहून निघणार, तेव्हा वाटेतल्या पहूरला सोडायची वॅगन इंजिनाला लागून हवी, शेंदुर्णीची तिच्यामागे. चिठ्ठीऐवजी प्रत्येक वॅगनचं कार्ड कर. त्यावर माल आणि ठिकाण लिही: रुईच्या गाठी पाचोऱ्याला, सरकी तेलाच्या घाणीला, रिकामी वॅगन जिनिंगच्या धक्क्यावर. चारचाकी वॅगन साधारण सात सेंटिमीटरची धरलीस, तर हा सगळा पसारा सव्वा मीटर बाय तीस सेंटिमीटरमध्ये बसतो.

देखाव्याची मला आवड नाही असं समजू नकोस. कॅलिफोर्नियाच्या जॉन ॲलनने आपल्या लेआउटवर जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले होते. आजही लोक त्यांचे फोटो बघत बसतात. पण त्याच माणसाने टाइमसेव्हर हे शंटिंगचं कोडं काढलं आणि त्याच्या लेआउटवर मित्रमंडळी वेळापत्रकाने गाड्या चालवायची. १९७३ मध्ये तो गेला आणि काही दिवसांतच लेआउट आगीत जळालं.

तेव्हा काम ठरलं की देखावा मागव. जिनिंगची पत्र्याची शेड हवी, कारण तिथे वॅगन लागते. मालधक्का, बैलगाड्या, गाठींची थप्पी, पाण्याची टाकी, सांधेवाल्याची खोली, हे सगळं कामाचं आहे. मागे पाठपडद्यावर अजिंठ्याच्या डोंगराची बुटकी निळी रेघ, बस्स. आपला खान्देश सपाट आहे. पऱ्हाटीचं शेत, बांधावर बाभळी, धक्क्याजवळ एक मोठा कडुनिंब. कसाऱ्याचा घाट सुंदरच आहे, पण तीस सेंटिमीटरच्या फळीवर तो मातीचा ढिगारा दिसेल. सपाट रान मात्र खरं वाटतं.

माती शेतातलीच घे, बारीक चाळ आणि चाळल्यावर तिच्यावरून लोहचुंबक अनेकदा फिरव. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोहाचे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात. मग पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून ड्रॉपरने सोड. रुळांच्या जोडात बारीक फट ठेव, मे महिन्यात माडी किती तापते हे तुला सांगायला नको. सांध्याच्या क्रॉसिंगचा धातूचा भाग विजेने जिवंत असू दे, नाहीतर आखूड चासीचं इंजिन नेमकं शंटिंगच्या वेळी तिथेच थांबेल. आणि धुळीसाठी वरून झाकण, हे पहिल्या दिवसापासून.

प्लाय इतक्यात कापू नकोस. आधी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून भिंतीच्या लांबीचा कागद कर, त्यावर रूळ खऱ्या मापात आख आणि आठ पुठ्ठ्याच्या वॅगन हाताने सरकवून एक पूर्ण दिवसाचं वेळापत्रक चालवून बघ. कुठे अडतं ते तिथेच कळेल. दिवाळीला इकडे येशील तेव्हा तो कागद गुंडाळून आण. माझ्याकडे सांधे आहेत, ओसरीवर अंथरून दोघं मिळून मांडू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
नाना