तिनधारियाच्या पत्त्यावर

पाचोरा
आषाढी एकादशी

चि. निलेश यास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोन आधी तू ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. ती म्हणते, बाप तसा बेटा. असो. फोनवर माझा आवाज चढतो. कानाशी वाफ सुटलेली असताना बोलायची सवय लागली ती रिटायर होऊनही गेली नाही, म्हणून लिहायला बसलो. म्युच्युअलचा, म्हणजे भुसावळच्या माणसाशी बदलीची अदलाबदल करायचा, विषय या पत्रात काढणार नाही.

तू पाठवलेला इंजिनासमोरचा फोटो जिजीला दाखवला. तिला वाटलं जत्रेतलं आहे. म्हटलं, जिजी, हे दार्जिलिंगच्या छोट्या गाडीचं बी क्लास इंजिन, या जातीची इंजिनं १८८९ पासून तो डोंगर चढताहेत, आणि आपला पोरगा तिनधारियाच्या कारखान्यात ती खोलून पुन्हा बसवतो. तिनं फोटो डोळ्याशी धरला, आणि विचारलं काय, तर "पोऱ्या तठे काय खास व्हई?" पोरगा तिथं खात काय असेल! मन्या हसून हसून पडला.

मी मात्र तो फोटो मोठा करकरून पाहिला. पुढं बफरपाशी बसलेली ती दोन माणसं हातानं रुळावर वाळू टाकतात हे तू सांगितलं होतंस, पण डोळ्यांनी पाहिल्यावर पटलं. वर कोळसा फोडणारा वेगळा, शिवाय ड्रायव्हर, फायरमन. एवढ्याशा इंजिनाला पाच माणसं! आमच्या पीजेला, पाचोरा-जामनेर गाडीला, एवढे लाड नव्हते. तुमचा गेज दोन फूट, आमचा अडीच, पण आमची वाट साधी. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत ५६ किलोमीटरवर जामनेर. घूमसारखं २२५८ मीटरवरचं स्टेशन नाही, बतासियासारखा लूप नाही, मागं-पुढं करत चढायचे झेड नाहीत. शेंदुर्णीची आत्या गाडीचा आवाज आला की चहाचं आधण ठेवायची आणि दादा पोहोचेपर्यंत चहा गाळून तयार असायचा. स्टेशनवरच आणून द्यायची. तेवढा वेळ गाडीला असायचा.

तू ॲक्सलबॉक्सचं ब्रास, ते पितळी बेअरिंग, स्वतः घासून बसवलंस, हेड फिटरनं निळं लावून तपासलं आणि काही बोलला नाही, असं म्हणालास. काही बोलला नाही म्हणजे काय ते तुला कळलं ना? मला कळलं. चौकातल्या टपरीवर मी ते दोघातिघांना सांगितलं. एकानं विचारलं, बाजारात मिळत नाही का तो पार्ट? म्हटलं बाबा, ज्या कंपन्यांनी ही इंजिनं बांधली त्याच राहिल्या नाहीत, पार्ट कुठून मिळणार? काही इंजिनं तर तिनधारियातच बांधलेली. आता जे झिजेल ते तिथंच ओतायचं, तिथंच कातायचं. हे सांगताना माझा आवाज जरा मोठा झाला असेल.

पण निलेश, याच गोष्टीची मला धास्ती आहे. जे काम दुसरीकडे कुठंच नाही, ते शिकलेला माणूस दुसरीकडे कुठं जाणार? उद्या लाइन बंद पडली तर? तू म्हणशील, अण्णा पुन्हा तिथंच आले. हो, आलो.

तू म्हणतोस हेरिटेज आहे, १९९९ मध्ये युनेस्कोनं यादीत घेतलं, कोण बंद करतंय. मान्य. पण पाटी लावली म्हणून डोंगर थांबतो का? २०१० साली पागलाझोऱ्याला दरड कोसळली, नंतर तुमच्या तिनधारियाजवळ. खालून थेट दार्जिलिंगपर्यंत सलग गाडी जायला २०१५ उजाडलं. हे मी पेपरात वाचलेलं नाही, तूच सांगितलंस, पहिल्या सुट्टीत आलास तेव्हा, भरीत खाता खाता, कौतुकानं. मला तेव्हाच घास गिळला नाही. आणि आता पुन्हा पाऊस लागलाय. इथं पेरण्या झाल्या, वरखेडीच्या शेतात कपाशी वर आली, आम्ही पाऊस मागतोय आणि तुझ्याकडे तो थांबू दे म्हणतोय. तुझी आई सकाळी टीव्हीवर आधी सिलिगुडीचं हवामान पाहते, मग जळगावचं.

बरं, दरडीचं सोड. रोज खालून वर जाणारी गाडी डिझेल ओढतं. वाफेचं इंजिन पर्यटकांना दार्जिलिंगहून घूमला नेऊन परत आणतं. म्हणजे तुझी नोकरी कोणाच्या तरी सुट्टीवर चालते. पीजेनं कापसाची माणसं नेली, शाळेची पोरं नेली, बाजाराच्या बायका नेल्या, तिकीट एवढंसं. करोनात २०२० साली थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेज मंजूर झालं आहे, ते व्हायलाच हवं, जामनेरच्या माणसानं किती दिवस डुगडुगत यायचं. पण गंमत बघ, रोजच्या कामाची होती ती गेली आणि मौजेची टिकली. यावर तुझं म्हणणं काय असेल ते मला माहीत आहे. टिकली ना, असं म्हणशील.

आता थोडं कामाचं. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या गेज ग्लासवर विश्वास ठेवायचा, पण तो फुंकून पाहिल्यावर. कॉक तुंबला तर काच पाणी दाखवते आणि क्राउन, फायरबॉक्सचं छत, कोरडा पडलेला असतो. त्या छतातला लेड प्लग वितळला म्हणजे इंजिनानं जीव वाचवला असं समजायचं, प्लग बदलून पुन्हा पेटवून मोकळं व्हायचं नाही, वरची शीट बघायची. बॉयलर धुताना, वॉशआउटच्या वेळी, गाळ निघाला तो हातात घेऊन बघत जा. आपल्याकडचं पाणी जड, ट्यूबवर खापरासारखा थर धरायचा. तुमच्याकडे झऱ्याचं पाणी, त्याला तेवढा थर नसेल, पण हलक्या पाण्यानं लोखंड खाल्लं जातं असं आमचे म्हातारे फिटर म्हणायचे. फायरमन आग भरतो तेव्हा पातळ आणि सारखी भरतो की ढीग लोटतो ते तुला नंतर ट्यूब आणि शेगडीच्या सळ्यांवरून कळेल, तेव्हा फायरमनशी भांडू नकोस, चहा पाज आणि सांग. डोक्याला कपडा बांध. हँडरेल हातमोज्याशिवाय धरू नकोस. दोन बोटं...

हे तुला तिथं शिकवत असतील. मीच कोळशाचं इंजिन सोडून किती वर्षं झाली, आणि फायरमन म्हणूनच उतरलो, मग डिझेल, मग भुसावळ. तुला सांगायचा अधिकार तसा नाही. माफ कर.

खरं तर मला क्लीनर म्हणून लागलो तेव्हाचं लिहायचं होतं. पहाटे शेडात जायचं, इंजिन गार असायचं. लाकडं, चिंध्या, जळकं तेल घालून पेटवायचं, आणि मग काही करायचं नाही, थांबायचं. घाई केली की बॉयलरचे सांधे बोलतात. दादा कधी कधी डब्यात कळण्याची भाकर आणि ठेचा द्यायचे, ती फायरबॉक्सच्या दारावर गरम व्हायची. हळूहळू आतून आवाज यायला लागायचा, काटा हलायचा. त्या वेळी मी तुझ्यापेक्षाही लहान होतो आणि मला वाटायचं हे मरेपर्यंत करायचं. मग कोळसा बंद झाला. डिझेलची ट्रेनिंग दिली, केली. घर चाललं, गुड्डीचं लग्न झालं, तुझं आयटीआय झालं. पण शेडाच्या त्या बाजूला मी बरीच वर्षं गेलो नाही. तुझी आई म्हणायची भाजी घ्यायला तिकडून जा, जवळ पडतं, आणि मी लांबून जायचो. तिनं कधी विचारलं नाही.

म्हणून म्हणतो. सरप्लस झालात तरी रेल्वे काहीतरी काम देतेच, पगाराची मला काळजी नाही. मन एकदा असं लागलं की मग डिझेलमध्ये, इलेक्ट्रिकमध्ये माणूस ड्यूटी करतो, बस. भुसावळच्या इलेक्ट्रिक शेडात आत्ता आलास तर तुला तिथं पंधरा-वीस वर्षं मिळतील, हात बसेल. चाळिशीत आलास तर पोरांच्या हाताखाली उभा राहशील. आणि घर तासाभरावर. जिजीचं वय तुला माहीत आहे.

काढला शेवटी विषय. लिहिलेलं आता खोडत नाही.

आईनं शेव, बिबड्या आणि थोडं तिखट पार्सल केलं आहे. तिखट त्या बंगाली रूममेटला देऊ नकोस, मागच्या वेळी त्याचं काय झालं ते पुरे. मफलर मामानं दिला आहे, रंग आवडला नाही तरी घाल. गुड्डी राखीला येणार आहे, तुझी राखी पोस्टानं पाठवेल.

दिवाळीनंतर आम्ही दोघं तिकडं यावं असं तुझ्या आईच्या मनात आहे. घूमपर्यंत तिला गाडीनं न्यावं लागेल, तिकिटाचा आकडा मात्र तिच्यासमोर बोलू नकोस. मला तिकीट नको. मला शेडात पेटवायच्या वेळेला घेऊन चल, परवानगी मिळत असेल तर आधी विचारून ठेव.

तुझ्याशी म्युच्युअल करायला तयार असलेला भुसावळचा तो कटिहारकडचा मुलगा पुन्हा येऊन गेला. त्याला महिनाअखेरपर्यंत थांब म्हणालो आहे. त्याची बायको दिवसात आहे, त्याला घाई आहे, तेव्हा टांगून ठेवू नकोस. नाहीच म्हणायचं असेल तर मला सांगू नकोस, त्यालाच फोन कर, नंबर आईकडे आहे. आणि ब्रासमध्ये व्हाइट मेटल तुम्ही तिथंच ओतता की तयार येतं, हे मी परवा विचारत होतो तेवढ्यात आपलं वाजलं. ते मात्र मला कळव.

तुझे,
अण्णा